चोपडेबाईंचे चाळीस दिवस

मार्था चोपडे या शिक्षिकेवर अन्याय झाला. गेल्या वर्षी, ईस्टरच्या आधीच्या मंगळवारी, मधल्या सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला, कोल्हापुरातल्या एका शाळेत, सातवी ब च्या वर्गात. बाई फळ्यावर त्रिकोण काढत होत्या. हेडसर दारात आले आणि म्हणाले, "बाई, जरा ऑफिसात या. पर्स घेऊन या." पर्स घेऊन या म्हटल्यावर पोरांनासुद्धा कळलं की बाई आज परत येत नाहीत. त्या दिवशीच काय, त्या वर्गात त्या पुन्हा कधीच आल्या नाहीत.

शाळेचं नाव मी लिहीत नाही. घाबरून नव्हे. ज्या मुलीवरून हे सगळं झालं ती अजून त्याच शाळेत शिकते म्हणून.

आरोप असा होता की बाईंनी एका विद्यार्थिनीच्या डोक्याला तेल लावून, डोक्यावर हात ठेवून धार्मिक विधी केला. आरोप खोटा होता. तो खोटा आहे हे बाईंना एका शब्दात सिद्ध करता आलं असतं. तो शब्द त्यांनी उच्चारला नाही, म्हणून त्यांचा वर्ग गेला.

मी एका संघटनेसाठी पत्रकं लिहितो. पत्रकात माणूस दोन ओळींत बसवावा लागतो: नाव, हुद्दा, अन्याय, खाली मागण्या. चोपडेबाई दोन ओळींत बसत नाहीत, म्हणून हे लांबलचक लिहितोय.

आठवीत मी त्यांच्या वर्गात होतो. बाई बुटक्या, खांद्याला रुंद, बांगडीत कायम चार-पाच सेफ्टी पिना अडकवलेल्या. कुणाची बटणं तुटली, कुणाच्या दप्तराचा बंद निघाला की बांगडीतली एक पिन निघायची. राहायला कसबा बावड्यात, आणि आवाज असा की कारखान्याचा भोंगा बंद पडला तर बाईंना उभं केलं तरी चाललं असतं. गणित शिकवायच्या. उत्तर चुकलं की वही वर धरून विचारायच्या, "हे पीक कुणाच्या रानात आलं?" उशिरा येणाऱ्याला छडी कधी मारली नाही. त्याला दारात थांबवून, सगळ्या वर्गासमोर, अगदी मानानं म्हणायच्या, "या पावणं. बसा. चहा टाकू का सरबत करू?" पोरगं मनात म्हणायचं, त्यापेक्षा दोन मारा की.

धर्मानं ख्रिस्ती. आमच्या शाळेत ते कुणाच्या फारसं लक्षात नसायचं, कारण बाकी सगळं कोल्हापूरचंच होतं. रविवारी चर्च सुटलं की चांगली साडी नेसलेल्या बाई थेट मटणाच्या दुकानासमोर रांगेत. तिथं त्या दुकानदाराशी ज्या आवाजात भांडायच्या, त्या आवाजात कुणी प्रार्थना केली असती तर आभाळात लगेच ऐकू गेली असती.

मग तो काळ यायचा. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस ख्रिस्ती माणसं उपवासकाळ पाळतात. इंग्रजीत त्याला लेंट म्हणतात. बाई नुसतं 'चाळीस दिवस' म्हणायच्या. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे पहिल्याच दिवसापासून, त्यांचं मटण बंद, चहा बंद. कोल्हापुरात सणवार नसताना एवढे दिवस कुणी मटण सोडलं तर पाहुण्यारावळ्यांत चौकशा सुरू होतात. स्टाफरूममध्येही व्हायच्या. सहकारी मॅडमना उपवास म्हटल्यावर एकच गोष्ट माहीत होती. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी शाबूची खिचडी करून आणायचं, दुसऱ्या दिवशी दुसरं कुणीतरी शाबूचे वडे आणायचं. बाईंच्या उपवासाला शाबूशी काही घेणंदेणं नव्हतं. त्या दुपारचं जेवतच नसत, संध्याकाळी भाकरी-भाजी खात. पण समोर डबा उघडला की एक घास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "झ्याक झालंय. शेंगदाण्याचं कूट जरा जास्त पाहिजे होतं."

शेजारच्या खुर्चीवर मगदूम सर बसायचे. विज्ञान शिकवायचे, घरचे जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणारे. त्यांना बाईंचा उपवास अजिबात पटायचा नाही.

"बाई, ह्याला उपवास म्हणत न्हाईत. आमच्यात पर्युषणात नुसत्या पाण्यावर राहणारी माणसं हायत."

"खरं हाय. पण त्या दिवसांत तुम्ही घरात कुणाशी कसं बोलता ते वहिनींना विचारू का?"

"ते विचारू नका," सर म्हणायचे, आणि पेपर उघडायचे.

बाईंचा खरा उपवास तिथं होता. त्या चाळीस दिवसांत रोज एका माणसासाठी काहीतरी चांगलं करायचं, आणि तो माणूस शक्यतो नावडता पाहिजे. मगदूम सरांनी एकदा विचारलं की नावडताच का. बाई म्हणाल्या, "आवडत्या माणसाशी बरं वागायला चाळीस दिवस कशाला लागत्यात? ते वर्षभर जमतंच की." दुसरी अट अशी की केलेलं कुणाला सांगायचं नाही. "सांगितलं की संपलं," एवढंच त्यांचं म्हणणं. बायबलमधलं वचन वगैरे कधी ऐकवायच्या नाहीत.

मगदूम सरांना हे सगळं कळलं ते नुसतं शेजारी बसून बसून. पुढं पुढं त्यांचा तो खेळच झाला. सकाळी खुर्चीवर टेकले की ते हळूच विचारायचे, "आज कोण? क्लार्क?"

"गप बसा."

"म्हणजे क्लार्कच."

हे सगळं वाचून तुम्हाला बाई साध्वी वगैरे वाटायला लागल्या असतील तर तसं काही नव्हतं. त्यांच्या चांगुलपणाचे घोटाळेही व्हायचे. शाळेत शिवामामा म्हणून शिपाई होते. बाईंचं आणि त्यांचं वर्षानुवर्षं वाजलेलं. कारण काय ते दोघांनाही आठवत नसेल. एका वर्षी चाळीस दिवसांत बाईंनी ओळीनं काही दिवस शिवामामांनाच निवडलं. मामांचे गुडघे दुखायचे, म्हणून बाई शाळा भरायच्या आधी येऊन स्टाफरूमचे माठ स्वतः धुवून भरून ठेवायला लागल्या. मामा येऊन बघतात तर माठ भरलेले. एक दिवस, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मामा हेडसरांच्या टेबलासमोर.

"साहेब, चोपडेबाई माझी नोकरी खायला लागल्यात. माझं काम त्या करालत्या, म्हंजे उद्या म्हणणार, ह्याची गरजच न्हाय."

हेडसरांनी बाईंना बोलावलं. बाईंनी खरं कारण सांगितलं नाही. मामांकडं वळून म्हणाल्या, "चुकलं, मामा. तुम्हाला आधी विचारायला पाहिजे होतं."

"व्हय, विचारायचं की," मामा म्हणाले, आणि मग जरा थांबून, "पुढचा माठ तेवढा जड हाय. त्यो भरला तर चालंल."

तेव्हापासून बाईंनी एक नियम वाढवला: ज्याच्यासाठी करायचं त्याला आधी विचारायचं. हा नियम ध्यानात ठेवा. पुढं बाईंची चौकशी करायला जी समिती बसली, तिच्यातल्या लोकांना तो माहीत नव्हता, आणि माहीत करून घ्यायची त्यांची इच्छाही नव्हती.

आणि बाईंना राग यायचा. भयंकर यायचा. आम्ही आठवीत असताना त्या वर्षी त्यांनी चाळीस दिवस ओरडणं सोडलं होतं. आम्हाला कारण माहीत नव्हतं, पण बाई ओरडत नाहीत एवढं पहिल्या दोन दिवसांत कळलं आणि वर्गाचा बाजार झाला. एकदा कुणीतरी मागच्या बाकावरून बेडकासारखा आवाज काढला. बाईंनी खडू खाली ठेवला. चेहरा लाल. काही न बोलता वर्गाबाहेर गेल्या, व्हरांड्याच्या टोकाला पाण्याच्या पंपाची खोली होती तिकडं तोंड करून उभ्या राहिल्या आणि तिला म्हणाल्या, "गाढवांनो! अक्कल गहाण टाकून आलाय काय?" सगळ्या शाळेला ऐकू गेलं. मग परत आल्या, खडू उचलला आणि शांतपणे म्हणाल्या, "तर, समीकरणाची डावी बाजू." आम्ही एवढं हसलो की तासभर हसू थांबेना. त्याही हसल्या. पण पुढचे दिवस त्या वर्गात कुणी बेडूक काढला नाही. पंपाची खोली उगीच शिव्या खाते याचं आम्हालाच वाईट वाटायला लागलं होतं.

आता गेल्या वर्षीचं.

सातवी ब मध्ये एक मुलगी होती. हुशार, पण शाळेला यायची बंद झाली होती. कारण तिच्या डोक्यात उवा होत्या. खूप. बाकावर कुणी शेजारी बसायचं नाही, मुली तिला नावं ठेवून हाका मारायच्या. ती नावं मी इथं लिहिणार नाही. आई बावड्यातल्या नव्या बिल्डिंगांमधून धुणीभांडी करते, सकाळी अंधारात बाहेर पडते. पोरीचं डोकं बघायला तिला वेळ नव्हता, आणि पोरगी तिला काही सांगायची नाही. बाईंनी तिला घरी जाऊन परत आणलं. मग तिला विचारलं: रोज मधल्या सुट्टीत मी तुझं डोकं बघू का? पोरगी हो म्हणाली, पण तिची एक अट होती. कुणाला कळता कामा नये. कळलं तर शाळाच सोडणार.

म्हणून बाईंनी जागा शोधली ती मैदानामागची, सायकल स्टँडच्या पलीकडची पायरी. तिथं मुलीला आपल्याकडं तोंड करून पुढ्यात बसवून, तिची पाठ रस्त्याकडं ठेवून, रोज डोक्याला तेल चोळायचं, बारीक फणीनं विंचरायचं, उवा-लिखा काढायच्या. तेलात सीताफळाच्या बिया कुटून घातलेल्या. मगदूम सरांना ते एवढ्यासाठी माहीत की बिया त्यांच्याच घरच्या खलबत्त्यात कुटल्या होत्या. पोरीचं डोकं स्वच्छ व्हायला लागलं. ती बाकावर बसायला लागली, शेजारी कुणीतरी बसायला लागलं.

कुंपणाबाहेर एक पालक आपल्या मुलाची वाट बघत थांबले होते. त्यांना काय दिसलं? एक ख्रिस्ती बाई, समोर मान खाली घातलेली मुलगी, तिच्या डोक्यावर तेलाचा हात, आणि बाईंचे ओठ हलतायत. बाई काय पुटपुटत होत्या? पाढे. पोरीकडून सतरा, अठरा, एकोणीसचे पाढे घेत होत्या, तेवढ्याच वेळात तेवढंच. पण त्या गृहस्थांनी फोनवर असले व्हिडिओ आधी पाहिलेले होते, त्यामुळं आपण काय बघतोय हे त्यांना आधीपासूनच माहीत होतं. त्यांनी व्हिडिओ काढला, खाली 'शाळेत काय चाललंय बघा' असं लिहिलं आणि पाठवून दिला. संध्याकाळपर्यंत तो बावड्यात, जयसिंगपुरात, मुरगूडपर्यंत पोचला.

समिती बसली. बाईंना विचारलं, मुलीच्या डोक्यावर हात का ठेवला होता?

बाई म्हणाल्या, "विधी नव्हता. तिला गरज होती म्हणून."

"कसली गरज?"

"ते सांगणार नाही."

"मग मुलीला बोलावतो."

"तिला मधे आणू नका. मला काय करायचं ते करा."

बाई काहीतरी लपवतायत असा समितीनं निष्कर्ष काढला. लपवत होत्याच. मग त्यांना सांगण्यात आलं की यापुढं कुठल्याही विद्यार्थ्याला हात लावणार नाही असं कबूल करा, प्रकरण मिटवू. बाई म्हणाल्या, "शाळेत पोरं पडत्यात, रडत्यात. हात लावणार नाही असं मी कबूल करत नाही." मग आला तो ईस्टरच्या आधीचा मंगळवार. पर्स घेऊन त्या ऑफिसात गेल्या आणि तिथून घरी. नंतर संस्थेच्या जयसिंगपूरच्या शाळेत बदली झाली. तिथं वर्ग दिला नाही. नकाशे, जुन्या ट्रॉफ्या आणि प्रयोगशाळेच्या काचेच्या नळ्या सांभाळायचं काम दिलं.

बदलीचा कागद निघायच्या आधीच मला हे मगदूम सरांनी सांगितलं. सांगताना दोनदा म्हणाले, "तुला सांगालोय, छापायला न्हाय." मी दुसऱ्याच दिवशी पत्रक लिहिलं. मथळा होता: 'उवा काढणं हा गुन्हा आहे काय?' चांगला मथळा होता. पत्रक घेऊन मी बाईंच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा लावला, सगळं वाचलं, लाल पेनानं शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. मग कागदाची घडी घालून तो तांदळाच्या डब्याखाली सरकवला.

"हे वाटलंस तर मी तुला ओळखत नाही."

"बाई, पण हेच खरं आहे ना?"

"खरंच आहे. आत्ता कुठं तिच्या शेजारी एक पोरगी बसाय लागली आहे. तू बिंदू चौकात उभा राहून उवा उवा म्हणत कागद वाटणार. उद्या ती शाळेत येईल का?"

"तिचं नाव नाही घातलं मी."

"सातवीच्या पोरींना नाव लागतंय व्हय?"

मी म्हणालो, "तुमची नोकरी जाईल, बाई."

"नोकरी नाही जात. पगार मिळणार आहे." त्या डब्याचं झाकण घट्ट करत राहिल्या. "वर्ग जातोय."

पत्रक मी त्या डब्याखालीच राहू दिलं.

वर्षभर मी गप्प बसलो. मला ते जमत नाही, पण बसलो. यंदा राखेच्या बुधवारनंतर काही दिवसांनी एक बाई आमच्या ऑफिसात आल्या. ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची खोली. पदर खोचलेला, हात साबणानं पांढरे पडलेले. त्या मुलीची आई. त्या ज्यांच्याकडं कामाला जातात तिथल्या ताईंनी ओट्याशी उभ्या उभ्या त्यांना एक जुना व्हिडिओ दाखवला होता: बघा मावशी, तुमच्या भागातल्या शाळांत काय चालतं. व्हिडिओत मुलीची फक्त पाठ दिसत होती. पण आईला पाठ पुरते. भांडी तशीच टाकून त्या घरी गेल्या, पोरीला पुढ्यात बसवलं, आणि पोरीनं सगळं सांगितलं.

"मी म्हटलं, औषधाच्या साबणाच्या वडीनं गेल्या उवा," त्या म्हणाल्या. "दादा, तुमी लिवता म्हणं. लिवा. उवा होत्या म्हणून लिवा. पोरीच्या डोक्यात म्हणू नका, आमच्या घरात होत्या म्हणा. माझ्याबी डोक्यात होत्या. असत्यात माणसाच्या डोक्यात. त्यात काय चोरी हाय?"

"पोरीला विचारलंय का?"

"तिनंच धाडलंय मला. नाव तेवढं नको म्हंती."

"शाळेत पुन्हा चिडवतील."

"चिडवू देत. आता आठवीला हाय. म्हंती, बाई माझ्यापायी गेल्या, मी काय उवांपायी जाणार न्हाय."

शाळेत समितीसमोर जाऊन हेच सांगायला त्या तयार होत्या. मी त्यांना घेऊन गेलो. हेडसर म्हणाले, प्रकरण बंद झालंय, आता उकरून काय फायदा. त्या माउलीनं विचारलं, "प्रकरण बंद झालंय तर बाई कुठं हायत?" हेडसरांनी पाण्याचा ग्लास पुढं केला.

लिहायच्या आधी मी बाईंना विचारायला जयसिंगपूरला गेलो. दुपारची वेळ होती, शाळा भरलेली. नकाशांच्या खोलीला कुलूप होतं. बाई व्हरांड्यात होत्या, पाचवीच्या वर्गाच्या दारापासून दोन हात लांब उभ्या. आत दुसरेच सर अपूर्णांक शिकवत होते आणि बाई बाहेरून ऐकत होत्या. मी येण्याचं कारण सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "मुलीला विचारलंस?"

"विचारलं. तीच म्हणाली."

"मग मला कशाला विचारतोस? लिही." मग म्हणाल्या, "शुद्धलेखन बघ."

तेवढ्यात पहिलीतलं एक पोरगं पाणी पिऊन परत येताना त्यांच्यासमोर थांबलं. शर्टाची बटणं खालीवर लागलेली, एक बाजू लांब, एक आखूड. ते बाईंकडं बघत उभं राहिलं, पोट पुढं काढून, आता ह्या लावतील अशा खात्रीनं. बाईंचे दोन्ही हात पाठीमागं होते, एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलेलं. हात लावणार नाही असं त्यांनी कधीच कबूल केलं नव्हतं. पण आणखी कुणी व्हिडिओ काढला तर त्यात या पोराचं तोंड येईल, हे आता त्यांना माहीत होतं.

"वरचं काढ," त्या म्हणाल्या. "न्हाय, त्याच्या वरचं. व्हय. आता ते दुसऱ्या भोकात. घाई करू नको राजा, मला कुठं जायचं न्हाय."

पोरगं एकेक बटण काढत, लावत होतं. त्याला वेळ लागत होता. बाई वाकून बघत होत्या आणि पाठीमागं त्यांची बोटं आपोआप हलत होती.

आता तुमच्याकडं येतो. तो व्हिडिओ कोल्हापूर जिल्ह्यात किती फोनवर गेला मला माहीत नाही. तुमच्याकडं आला असेल. तुम्ही पुढं पाठवला असेल. तो आता नुसता पुसून मोकळे होऊ नका. कुणाकुणाला पाठवला होता ते आठवा, आणि त्यातल्या पहिल्या माणसाला फोन लावा. मेसेज नको, फोन. त्याला सांगा की त्या बाई एका पोरीच्या डोक्यातल्या उवा काढत होत्या आणि तिच्याकडून पाढे घेत होत्या. तुला कुणी सांगितलं असं त्यानं विचारलं तर सांगा, चोपडेबाईंच्या एका विद्यार्थ्यानं. मग दुसऱ्याला लावा.